सरपंचाच्या मानधनाचा प्रश्न

२३ सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सरपंच व उपसरपंच यांचे मानधन दुप्पट करण्याचा निर्णय घेतला. त्यानुसार दोन हजारांपर्यंत वस्ती असलेल्या गावाच्या सरपंचाला दरमहा ३,००० रुपयांच्या जागी ६,०००, आठ हजारांपर्यंतच्या गावात ४,००० च्या जागी ८,०००, आणि त्याहून मोठ्या गावात ५,००० च्या जागी १०,००० रुपये देण्याचे ठरले. या निर्णयाचे गावोगावी स्वागत झाले, आणि ते होणे स्वाभाविकच होते. परंतु स्वागताच्या भरात एक मूलभूत प्रश्न मागे राहिला, तो असा की, ज्या पदावर गावाच्या स्वराज्याचा सारा भार आहे, त्या पदाला किती द्यावे हे ठरवण्याची काही रीत, काही निकष, काही नियतकालिक पद्धत आपण घालून दिली आहे काय? सरकारच्या मनात येईल तेव्हा वाढ होते आणि येत नाही तोपर्यंत वर्षानुवर्षे आकडा जागचा हलत नाही, ही आजची स्थिती आहे. सरपंचाचे मानधन वाढले पाहिजे, एवढे म्हणून मी थांबणार नाही. ते ठरवण्याची सत्ता घेणाऱ्याच्याही हाती नसावी आणि देणाऱ्याच्या मर्जीवरही नसावी, हे मला या लेखात सांगावयाचे आहे.

सरपंचाचे काम काय असते याची कल्पना शहरातल्या वाचकाला सहसा नसते, म्हणून ते थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. दरमहा मासिक सभा घ्यावयाची, वर्षाकाठी किमान चार ग्रामसभा बोलवायच्या, ठराव लिहून इतिवृत्त कायम करावयाचे, घरपट्टी व पाणीपट्टीच्या वसुलीचा वाईटपणा पत्करावयाचा, नळयोजनेची मोटर जळाली की त्याच रात्री रिवाइंडिंगवाल्याला उठवायचे, शाळेची पडलेली भिंत, अंगणवाडीचा पोषण आहार, स्मशानभूमीचा रस्ता, घरकुलाच्या यादीतून वगळलेल्या म्हातारीचे गाऱ्हाणे, हे सारे ज्याच्या दारात येऊन थांबते तो सरपंच. कागदावर सही ग्रामपंचायत अधिकाऱ्याचीही असते. पण तो अधिकारी एकाहून अधिक गावांचा कारभार पाहत असला तर त्याची गाठ ठरल्या वारीच पडते, सरपंचाचे घर मात्र गावाला रात्री-अपरात्री ठाऊक असते.

तालुक्याच्या पंचायत समितीच्या व्हरांड्यात कोणत्याही कामाच्या दिवशी पाहावे. सकाळच्या एसटीने अर्ध्या तिकिटात आलेली एखादी सरपंच बाई तेथे भिंतीशी टेकून बसलेली आढळते. तिच्या पिशवीत ठरावाची नक्कल आणि कामाचे अंदाजपत्रक असते. झालेल्या गटाराचे मोजमाप होऊन देयक निघावे म्हणून ती शाखा अभियंत्याची वाट पाहत असते, आणि दुपारी तिला कळते की, साहेब जिल्ह्याच्या बैठकीला गेले असून आज येणार नाहीत. वित्त आयोगाचा निधी आता संगणकावरून, सरपंचाच्या डिजिटल स्वाक्षरीने खर्ची पडतो. त्या स्वाक्षरीचे डोंगल तिच्या पिशवीत असावयास हवे, पण ते पुष्कळदा संगणक परिचालकाच्या टेबलाच्या खणात असते, कारण त्याचा वापर शिकण्यासाठी चार दिवस तालुक्याला येऊन बसणे तिला परवडलेले नसते. संध्याकाळच्या गाडीने ती घरी जाते तेव्हा तिचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो, आणि ज्या शेतमालकाकडे ती खुरपणीला जाते त्याची नाराजीही पदरी पडलेली असते. असे दिवस महिन्यातून एकदाच येत नाहीत.

या बुडालेल्या रोजाच्या मापाने मानधन मोजून पाहू. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या हिशेबाने लहान गावाच्या सरपंचाचे दुप्पट झालेले ६,००० रुपये म्हणजे सुमारे एकोणीस दिवसांची मजुरी होते. आणि दुप्पट होण्यापूर्वीचे ३,००० रुपये निर्णयाच्या वर्षीच्या २९७ रुपयांच्या दराने जेमतेम दहा दिवसांची मजुरी होती. खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या माणसाला शासन जो किमान दर देते, त्या दरानेही गावाच्या प्रमुखाचा महिना भरत नाही. ज्याच्या घरी वीस एकर बागायत आहे त्याला हे अंतर जाणवणार नाही; ज्याच्या घरी हातावरचे पोट आहे त्याच्यासाठी या अंतराचा अर्थ पद सोडणे, कर्ज काढणे किंवा कोणाचा तरी मिंधा होणे, एवढाच उरतो.

हे असे का झाले, याचे मूळ आपल्या इतिहासात आहे. जुन्या गावगाड्यात पाटलाच्या चाकरीचा मोबदला मुख्यतः वतनाच्या जमिनीतून आणि रयतेकडून मिळणाऱ्या हक्कांतून येत असे. तो न्याय्य होता असे कोणी म्हणणार नाही; पण हुद्दा आणि चरितार्थ यांची सांगड त्या व्यवस्थेने घातलेली होती, हे मान्य केले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर ही वतने एकामागून एक खालसा झाली. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गाव-वतने १९५८ च्या कायद्याने गेली आणि मुलकी पाटलाचा हुद्दा १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आला. त्याच कालखंडात नवी इमारत उभी राहत होती: १९५८ साली ग्रामपंचायतींचा अधिनियम झाला, वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून १९६१ साली जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा अधिनियम झाला, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. दप्तर सांभाळणाऱ्या तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला सरकारी खजिन्यातून नियमित वेतन मिळू लागले. ज्याने निर्णय घ्यावयाचे त्या सरपंचाच्या चरितार्थाचा विचार मात्र कायद्याने मनापासून केला नाही. कारण सरपंच म्हणजे गावातला खातेदार, चार बैलांचा धनी, ज्याच्या वाड्यावर आल्यागेल्याला चहा-भाकरी मिळते असा कोणीतरी असणार, हे न बोलता गृहीत धरले गेले असावे. वतन कागदावरून गेले, पण वतनदाराची कल्पना कायदा करणाऱ्यांच्या मनातून गेली नाही.

हे गृहीत पुढे कायद्यानेच मोडले. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आली. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक-तृतीयांश जागा राखीव झाल्या, आणि महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांचा वाटा निम्म्यापर्यंत नेला. ज्या खुर्चीवर पिढ्यान्‌पिढ्या एकाच भावकीतली माणसे बसत आली, त्या खुर्चीवर आता भूमिहीन कुटुंबातली सून, ऊसतोडीला जाणारा तरुण, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला मनुष्य अधिकाराने बसू लागला. आपल्या सामाजिक इतिहासातली ही केवढी मोठी घटना आहे! परंतु खुर्चीवर बसणारा बदलला तरी खुर्चीचे अर्थशास्त्र बदलले नाही. जमिनीचे पाठबळ गृहीत धरून ठरवलेले मानधन बिनजमिनीच्या माणसाच्या हातावर ठेवले गेले, आणि मग तीच माणसे कारभारात कमी पडतात, नवऱ्याच्या किंवा गावातल्या पुढाऱ्याच्या तंत्राने चालतात, असा ठपका त्यांच्यावर ठेवण्यास आपण मोकळे झालो. सरपंचपती नावाच्या अनिष्ट प्रथेला पुरुषी वर्चस्व हे कारण आहेच. पण बाईने रोज बुडवून तालुक्याला जाण्यापेक्षा मोटारसायकल असलेल्या नवऱ्याने जावे, हा घरातला साधा आर्थिक हिशेबही तिच्या मुळाशी आहे, आणि त्या हिशेबाची दुरुस्ती शासनाच्या हाती आहे.

सार्वजनिक काम करणाऱ्याचा मोबदला सार्वजनिक खजिन्यातून आला नाही तर काय होते, हे महाराष्ट्रात सर्वांत स्पष्टपणे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले होते. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात आणले. वतनदार महार काम सरकारचे करी, परंतु त्याचा मोबदला वतनाच्या तुटपुंज्या जमिनीतून आणि गावकऱ्यांनी घातलेल्या बलुत्यातून येई. म्हणजे तो चाकर सरकारचा आणि आश्रित गावाचा. बलुते थांबवण्याची धमकी दिली की त्याचे तोंड बंद होई. म्हणून बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत व्हावे आणि ती सरकारमार्फत मिळावी, अशी बाबासाहेबांची योजना होती. ते विधेयक त्या वेळी पार पडले नाही. पण त्यातले तत्त्व आजही तितकेच खरे आहे. ज्याच्या हातून माणसाला भाकरी मिळते त्याच्यासमोर त्याची मान वर होत नाही. आजच्या सरपंचाला बलुते कोणी घालत नाही, परंतु निवडणुकीचा खर्च करणारा, तालुक्याला जाण्यासाठी गाडी देणारा, लेकीच्या लग्नात उसने पैसे पुरवणारा ठेकेदार त्याच्या आयुष्यात असतो, आणि गटाराच्या कामाचे देयक मंजूर करताना त्याचे उपकार डोळ्यांसमोर उभे राहतात.

यावर एक आक्षेप फार जुना आणि फार आदरणीय आहे. लोकसेवा हे व्रत आहे, त्याला मोल लावले की त्याचे पावित्र्य जाते, असे मानणारा एक मोठा वर्ग आपल्यात आहे, आणि त्याच्या भावनेविषयी मला आदर आहे. परंतु ज्यांच्या त्यागाचे दाखले हा वर्ग देतो, त्यांनी स्वतः काय केले ते पाहण्यासारखे आहे. नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी स्थापन केली, तेव्हा सभासदाने स्वतःसाठी पैसा मिळवण्यात आपली शक्ती खर्च करू नये अशी शपथ घालून दिली. पण त्याच शपथांमध्ये, संस्था त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची जी तरतूद करील तीत त्याने समाधान मानावे, असेही होते. म्हणजे तरतूद करणे ही संस्थेने आपली जबाबदारी मानली होती. त्यापूर्वी १८९० साली लोकमान्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला, त्यामागच्या वादात आजीव सदस्यांनी संस्थेबाहेर अर्थार्जन करावे की न करावे, हा मुद्दा प्रमुख होता. सारा वेळ संस्थेलाच दिला पाहिजे, हा टिळकांचा आग्रह होता. पण निर्वाहापुरते वेतन संस्थेने द्यावे, याबद्दल दोन्ही पक्षांत मतभेद नव्हता. त्यागाची परिसीमा गाठणाऱ्या त्या पिढीलाही, सेवकाने काय सोडावे हे सांगण्याआधी त्याने काय खावे याची सोय लावावी लागते, हे कळत होते.

आपल्या सार्वजनिक जीवनाने वरच्या मर्यादेचा विचार नेहमी केला, हे भूषणास्पदच आहे. कराची काँग्रेसने १९३१ साली पाचशे रुपयांची सर्वसाधारण कमाल मर्यादा सुचवली आणि १९३७ च्या काँग्रेस मंत्र्यांनी पाचशेच रुपये वेतन घेतले. संविधान सभेच्या सदस्यांनी १९४९ साली आपला ४५ रुपयांचा दैनिक भत्ता स्वेच्छेने ४० वर आणला. परंतु खालची मर्यादा कोणती असावी, किती कमी दिले असता पदच गरिबाच्या आवाक्याबाहेर जाते, हा प्रश्न आपण विचारला नाही. हिवरे बाजारचे पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले आणि त्यांनी गावाचा कायापालट केला, हे सर्वांना ठाऊक आहे. तशी माणसे मानधनासाठी काम करत नाहीत, हेही खरे आहे. मात्र कायदा असामान्य माणसासाठी करायचा नसतो. जवळजवळ अठ्ठावीस हजार ग्रामपंचायतींना असामान्य सरपंच मिळणार नाहीत. त्यांना सरळ, कष्टाळू, हिशेबी माणसे मिळाली तरी राज्याचे भाग्य उजळेल, आणि अशा माणसांना पद परवडले पाहिजे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा आहे. ते म्हणतात की, मानधन वाढवून भ्रष्टाचार थांबत नाही. तीन हजारांच्या पदासाठी लाखो रुपये ओतणारे लोक काही मानधनावर डोळा ठेवून येत नाहीत. यात तथ्य आहे, आणि ते नाकारून चालणार नाही. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा व सदस्यपदांचा लिलाव झाल्याचे उघडकीस आल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तेथील निवडणूक प्रक्रिया रद्द केली होती. लिलावात बोली लावणाऱ्याला मानधन दसपट केले तरी तो सुधारणार नाही. परंतु या आक्षेपातून निष्कर्ष उलटा निघतो. पद बिनमोबदल्याचे ठेवल्याने ज्याला इतर मार्गांनी पैसा काढावयाचा आहे तो येण्याचे थांबत नाही. थांबतो तो ज्याला इतर मार्ग चोखाळावयाचे नाहीत असा मनुष्य. लबाडाला रोखण्यासाठी लेखापरीक्षण आहे, ग्रामसभा आहे, अपात्रतेची कलमे आहेत, फौजदारी कायदा आहे, आणि ती हत्यारे परजली पाहिजेत. पुरेसे मानधन हे प्रामाणिक माणसाला उंबरठा ओलांडता यावा म्हणून आहे. दोन्ही गोष्टींची कामे निरनिराळी आहेत आणि एकीच्या अभावी दुसरी पांगळी ठरते.

शहरांतही चित्र फारसे वेगळे नाही. मुंबई महापालिकेच्या नगरसेवकाचे मानधन २०१७ साली दरमहा १०,००० वरून २५,००० रुपये झाले. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात आणि नगरसेवक २२७. म्हणजे एकेका प्रभागात सरासरी पन्नास हजारांहून अधिक माणसे. एवढ्या वस्तीचे पाणी, कचरा, नाले, दवाखाने आणि बांधकाम परवानग्या यांकडे लक्ष देणे हे पूर्ण वेळेचे काम आहे, आणि २५,००० रुपयांत त्या शहरात भाड्याच्या घरातले कुटुंब चालत नाही. तेव्हा गिरणगावातल्या कामगाराचा मुलगा किंवा शाळेतली शिक्षिका हे काम पत्करील तरी कशी? ज्याचा बांधकामाचा, केबलचा किंवा वाहतुकीचा धंदा आहे, त्यालाच ते परवडते. आणि बांधकामाच्या धंद्यातला नगरसेवक बांधकामाच्या परवानग्यांवर मत देतो, हा हितसंबंधांचा गुंता आपण आपल्या कंजूषपणाने जन्माला घालतो.

आता ठरवण्याच्या रीतीकडे वळू, कारण खरा दोष तेथे आहे. खासदार व आमदार यांना आपले वेतन कायद्याने स्वतःच ठरवण्याचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद १०६ आणि १९५ यांनी दिला आहे. त्याचा वापर कसा झाला? ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने आमदारांचे वेतन प्रधान सचिवांच्या वेतनाशी जोडून टाकले, आणि ते विधेयक चर्चेविना संमत झाले. संसदेने २०१८ साली खासदारांचे वेतन १ लाख रुपये केले आणि दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकानुसार ते वाढावे अशी तरतूद केली. त्याप्रमाणे ते १ एप्रिल २०२३ पासून १ लाख २४ हजार झाले. वेतन एखाद्या बाहेरच्या मापाशी जोडण्याची कल्पना मुळात चांगली आहे. पण जे वरच्या सभागृहांना स्वयंचलित न्यायाने मिळते, त्यासाठी सरपंचाला संघटना बांधून आंदोलन करावे लागते, निवेदने द्यावी लागतात, मंत्र्यांच्या बंगल्यावर शिष्टमंडळे न्यावी लागतात. सप्टेंबर २०२४ चा निर्णय झाला आणि जेमतेम तीन आठवडे उलटले तोच विधानसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली. निर्णय योग्य होता; पण ज्या क्षणी तो आला त्यामुळे तो हक्क न वाटता बक्षिसी वाटला, आणि घटनेने स्वायत्त म्हटलेल्या संस्थेच्या प्रमुखाला राज्यकर्त्यांच्या औदार्याबद्दल हार घालण्याची पाळी आली. स्थानिक स्वराज्याच्या प्रतिष्ठेला हे शोभत नाही.

इतर देशांनी या प्रश्नाचा विचार दीर्घकाळ केला आहे. इंग्लंडमधील चार्टिस्ट चळवळीने १८३८ च्या आपल्या सनदेत ज्या सहा मागण्या केल्या, त्यांपैकी एक, संसद सदस्यांना वेतन मिळावे, ही होती. कारण वेतनाविना संसद ही धनिकांची मिरास राहते, हे त्या कामगारांना अनुभवाने उमगले होते. ती मागणी १९११ साली, वार्षिक ४०० पौंडांच्या रूपाने, मान्य झाली. आज तेथे स्थानिक परिषदेला आपल्या सदस्यांचे भत्ते ठरवण्यापूर्वी एका स्वतंत्र समितीच्या शिफारशी मागवून त्यांचा विचार करावा लागतो, आणि त्या समितीवर परिषदेचा कोणीही सदस्य असू शकत नाही. अमेरिकेत मॅडिसन यांनी १७८९ साली सुचवलेली एक घटनादुरुस्ती तब्बल दोन शतकांनी, १९९२ साली, संमत झाली. तिचा आशय एवढाच की, प्रतिनिधींच्या वेतनातला कोणताही बदल मध्ये एक निवडणूक झाल्यावाचून लागू होणार नाही. आपल्याच देशातल्या केरळने सरपंचाबरोबर साध्या वॉर्ड सदस्यालाही दरमहा मानधन देण्याची पद्धत स्वीकारली आहे. बाहेरच्याने ठरवावे, पुढच्याला लागू व्हावे आणि साध्या सदस्यापर्यंत पोहोचावे, ही तीन तत्त्वे आपण यांतून घेतली पाहिजेत.

त्यांच्या आधारे माझी सूचना अशी आहे. घटनेच्या अनुच्छेद २४३-आय आणि २४३-वाय प्रमाणे दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमावा लागतो, पंचायती व नगरपालिका यांच्या आर्थिक स्थितीचा आढावा घेणे हेच त्याचे काम आहे, आणि त्याच्या शिफारशी कोणती कार्यवाही केली याच्या निवेदनासह विधिमंडळापुढे ठेवणे घटनेनेच बंधनकारक केले आहे. स्थानिक लोकप्रतिनिधींचे मानधन ठरवण्याचे काम कायद्याने या आयोगाच्या कार्यकक्षेत घालावे. त्यासाठी वेगळी कचेरी, वेगळे दप्तर उभारण्याची गरज नाही. आयोगाने सरपंचांची, सदस्यांची, ग्रामसभांची आणि करदात्यांची म्हणणी उघडपणे ऐकावीत व कारणांसह आकडा सांगावा. सर्वांत लहान गावाच्या सरपंचालाही महिन्यातील २६ दिवसांच्या रोजगार हमीच्या मजुरीहून कमी मिळू नये, हा तळ कायद्यातच लिहावा. २०२५-२६ च्या ३१२ रुपयांच्या दराने तो ८,११२ रुपये होतो, आणि मजुरीचा दर वाढला की तो आपोआप वाढेल. साध्या सदस्याला सभेच्या प्रत्येक दिवसासाठी निदान एका दिवसाचा रोज मिळावा. या तळाच्या वरची प्रत्येक वाढ पुढच्या कार्यकाळापासूनच अंमलात यावी, म्हणजे मागणाऱ्याने ती स्वतःसाठी मागितली असे होणार नाही आणि देणाऱ्याला तिचा निवडणुकीत सौदा करता येणार नाही.

रक्कम संपूर्णपणे राज्याच्या तिजोरीतून यावी, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. आज तिचा काही हिस्सा ग्रामनिधीतून द्यावा लागतो, आणि ज्या डोंगराळ किंवा कोरडवाहू गावांत घरपट्टीची वसुली बेताची असते तेथे, दिवाबत्तीचे बिल भरावे की स्वतःचे मानधन काढावे, असा पेच सरपंचापुढे उभा राहतो. भला मनुष्य अशा वेळी आपले मानधन सोडून देतो आणि त्याच्या भलेपणाची किंमत त्याच्या मुलाबाळांना मोजावी लागते.

मानधनाबरोबर बंधनेही यावीत, आणि ती कडक असावीत. मासिक सभेतील व ग्रामसभेतील उपस्थिती दरमहा पंचायतीच्या फलकावर लावली जावी आणि विनाकारण गैरहजेरीबद्दल मानधनात कपात व्हावी. पंचायतीच्या ठेक्यात हितसंबंध असणाऱ्याला कायदा आजही अपात्र ठरवतो. त्या कलमाची अंमलबजावणी करताना सरपंचाच्या जवळच्या नातलगांना गेलेली कामेही दरवर्षी ग्रामसभेपुढे वाचून दाखवावीत. आणि निवृत्तिवेतन मात्र कोणत्याही स्थानिक पदाला देऊ नये. पाच वर्षांच्या सेवेचा निर्वाह पाच वर्षांपुरताच असला पाहिजे, नाहीतर आपण नवी वतने निर्माण करू.

खर्चाचा बाऊ करणाऱ्यांसाठी एक साधा ताळा मांडतो. राज्यातील सुमारे २८,००० सरपंचांपैकी प्रत्येकाला, गाव लहान असो वा मोठे, दरमहा १०,००० रुपये दिले तरी वर्षाचा एकूण खर्च ३३६ कोटी होतो. २०२५-२६ या वर्षासाठी राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटी रुपयांचा होता. म्हणजे राज्य खर्च करीत असलेल्या दर दोन हजार रुपयांमागे एक रुपयाही गावांच्या निवडलेल्या प्रमुखांच्या निर्वाहासाठी लागत नाही. चौदाव्या वित्त आयोगापासून गावाच्या खात्यावर थेट येणाऱ्या निधीचा विनियोग याच माणसांच्या सहीने होतो. त्या सहीचे स्वातंत्र्य राखण्यासाठी दोन हजारांत एक रुपया हा फार स्वस्त विमा आहे.

विधिमंडळातील पुष्कळ सदस्यांची राजकीय उमेदवारी ग्रामपंचायतीच्या नाहीतर जिल्हा परिषदेच्या दालनातच झाली आहे, आणि तेथला सदस्य कोणाकोणाचा मिंधा होऊन काम करतो हे त्यांना सांगावे लागत नाही. स्वतःच्या वेतनाला त्यांनी जो स्थिर निकष लावून घेतला, तसाच निकष खालच्या संस्थांना लावण्याचा अधिकार आणि कर्तव्य त्यांच्याकडेच आहे. दुरुस्ती लहान आहे: ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांच्या अधिनियमांत एकेक कलम आणि वित्त आयोगाच्या कार्यकक्षेत एक वाक्य. ती येत्या अधिवेशनात मांडली जावी, चर्चेसह संमत व्हावी आणि तिच्यावर बोलणाऱ्या प्रत्येक आमदाराचे म्हणणे इतिवृत्तात नोंदले जावे, अशी मागणी ग्रामसभांनी ठराव करून त्यांच्याकडे धाडली पाहिजे; कारण हा प्रश्न सरपंचांचा असण्याआधी, आपल्या गावाचा कारभार कोणाच्या पैशावर आणि म्हणून कोणाच्या इच्छेने चालावा, हे ठरवणाऱ्या प्रत्येक मतदाराचा आहे.